हिस्केच्या वजनाची साइडकार

यर्सेके
९ सप्टेंबर १९९६

प्रिय वीबे,

बोट पुतण्याच्या हवाली केली. किल्ली देताना त्याला म्हटलं, शिंपल्यांचा धंदा तान्ह्या पोरासारखा असतो, उन्हाळ्यात सोडून कुठं जाता येत नाही. तो हसला. मला काही हसू आलं नाही. सगळी दुनिया उन्हाळ्यात सुट्टीवर गेली आणि मी जन्मभर समुद्रातून शिंपले उपसत राहिलो. तुझ्या बहिणीनं इतक्या वर्षांत कधी तक्रार केली नाही. आता करतेय.

तिला डोंगर बघायचाय. स्वयंपाकघरात पाववाल्यानं दिलेलं कॅलेंडर आहे, त्यावर स्वित्झर्लंडमधल्या फुर्का घाटाचं चित्र आहे. महिना संपला तरी ती पान उलटू देत नाही. तुमचं फ्रीसलँड सपाट, आणि लग्न करून आली ती आमच्या या झीलँडमधल्या, समुद्रापेक्षा खालच्या गावात. उंच म्हणून बाईनं पाहिलंय काय, तर बांध आणि चर्चचा मनोरा. मोटारीनं जाऊ म्हटलं तर म्हणते, "मोटारीतून डोंगर बघणं म्हणजे टीव्हीच की! मला साइडकार पाहिजे. लग्नाच्या वर्षी होती तशी."

तेव्हा आता तूच बघ. मोटरसायकल जुनी चालेल, पण लांबच्या पल्ल्याची, दमदार आणि जरा वेगळी हवी. चारचौघांकडे असते ती नको. साइडकार तूच जोडायचीस. घाटातला बर्फ जूनमध्ये निघतो. जूनला आम्हाला तिथं पोचायचंय. येत्या जूनला, वीबे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असं तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं करू नकोस.

फोन करत नाही. तुला ऐकू येत नाही आणि तू उगाच ओरडतोस.

तुझा
रिनुस


पारेगा
२१ सप्टेंबर

दाजी,

ओरडतो म्हणे! चाळीस वर्षं इंजिनात डोकं घालून बसला असतास तर तुझेही कान गेले असते. बरं झालं पत्र लिहिलंस. पत्राला कान लागत नाहीत.

गाडी मिळाली. मोटो गुझी, साडेआठशेची, इटलीच्या पोलिसांची जुनी. माक्कुमच्या एका निवृत्त पियानोमास्तरच्या गोठ्यात ताडपत्रीखाली झाकून होती. आख्ख्या फ्रीसलँडमध्ये अशी दुसरी निघाली तर मिशी उतरवीन. समोर मोठी काच, पाय ठेवायला फळ्या, आणि चेन नाही, शाफ्ट. म्हणजे घाटात चेनला तेल पाजत बसायला नको. मास्तरनं कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद करून कपाटात ठेवला. मी म्हटलं, जरा सुरू करून दाखवा. तर म्हणे, "सुरू होते हो, पण शेजारी झोपलेत." दुपारी! शेवटी माझीच बॅटरी लावली. अशी काही खोकली की गाई कुंपण मोडून पळाल्या. मास्तरचा चेहरा पडला, मग भावही पडला.

आता नीट ऐक. नुसती मोटरसायकल सांगू तिकडे जाते. साइडकार जोडली की तो संसार होतो, दोघं आपापल्या बाजूला ओढतात. साइडकार हलकी पडली तर उजव्या वळणाला तिचं चाक हवेत उठतं. जड पडली तर सगळी गाडी तिच्याकडे खेचते. म्हणून मी स्प्रिंगा बसणाऱ्याच्या वजनाच्या वळून घेतो, शिंप्यानं माप घ्यावं तसं. मग तेवढ्याच वजनाची वाळू आत ठेवून महिनाभर गाडी चालवायची, सांधे बसू द्यायचे, पुन्हा सगळं जुळवायचं. त्याशिवाय माझ्या दारातून साइडकार बाहेर जात नाही. घाई असेल त्यानं दुसरीकडे जावं.

म्हणून दोन प्रश्न. हिस्केचं वजन किती? खरं सांगायचं. बायको लाजली म्हणून दहा किलो कमी लिहिलंस तर घाटात तीच हवेत जाईल. दुसरं, दार करू का? या साइडकारला दार नाही, काठावरून पाय टाकून आत उतरायचं. दार कापायचं तर आत्ताच, सांगाडा उघडा आहे तोवर. मागाहून कापलं तर डबा ढिला पडतो.

वीबे


यर्सेके
२ ऑक्टोबर

प्रिय वीबे,

एक्काहत्तर किलो. शिंपल्यांच्या काट्यावर उभं करून वजन केलंय. काट्यावर उभी राहून म्हणाली, "किलोला काय भाव लावताय?"

तुझं पत्र माझ्याआधी तिनंच फोडलं. दाराचं वाचून उसळली. "मी काय म्हातारी झाले? त्या वर्षी स्कर्ट घालून काठावरून चढले होते, आता तर पँट आहे. लिही त्याला, दार नको." तेव्हा दार नको.

वजनाचं मात्र मी कधी खोटं सांगणार नाही. तीस वर्षं बोट भरलीय. खोट्या वजनानं भरलेली बोट कुठं जाते ते मला ठाऊक आहे.

तिची तब्येत ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

रिनुस


पारेगा
१८ नोव्हेंबर

दाजी,

काम झकास चाललंय. पुढचा फोर्क काढून टाकला, साइडकारला चालेल असा आखूड, आडव्या दांड्याचा घडवला. आता तू हँडल एका हातानं फिरवशील आणि दुसऱ्या हातानं बायकोला डोंगर दाखवशील. साइडकारच्या चाकालाही ब्रेक दिलाय. घाटासाठी मागचा गिअर जरा जड ओढणारा घातला. तिच्या पायाशी गरम हवेची नळी आणलीय, इंजिनावरून. पाठीमागे सामानाची पेटी, त्यात तंबू मावतो. सीटला लाल चामडं लावलं. हिस्केला लहानपणापासून लाल लागतं, आई नेहमी निळं आणायची आणि ती रडायची.

जर्मनीतल्या माझ्या स्प्रिंगवाल्यानं स्प्रिंगा वळून पाठवल्या. म्हातारा एकटाच काम करतो, दीड महिना लावतो, पण माप चुकत नाही. वाळूचं पोतं बरोबर एक्काहत्तरचं भरलं आणि गावातून चक्कर मारली. पोतं फारच उघडंबोडकं दिसत होतं म्हणून आईची जुनी टोपी घातली. त्यावर शेजारची आक्के विचारते, "वीबे, या वयात कुणाला पळवून आणलंस?" मी म्हटलं, "बहीण आहे माझी." ती म्हणाली, "तरीच गप्प बसलीय, हिस्के असती तर एव्हाना तुला दोनदा रागावली असती."

नववर्षापर्यंत सांधे बसतील. मग रंग, मग पासिंग. मार्चमध्ये ये आणि घेऊन जा.

वीबे


यर्सेके
२ डिसेंबर

प्रिय वीबे,

टोपीचं वाचून हिस्के इतकी हसली की खोकला लागला.

एक सांगायचं होतं. तिचं वजन उतरलंय. आता त्रेसष्ट आहे. आठ किलोंचा फरक तुला चालेल का? चालत असेल तर तसंच राहू दे, काही हात लावू नकोस. पण तू खरं सांग म्हणाला होतास म्हणून सांगितलं. न सांगता मला झोप लागेना.

हिस्के म्हणते, लिही, डाएट करतेय म्हणून.

रिनुस


पारेगा
९ जानेवारी १९९७

दाजी,

आठ किलो! आणि वर विचारतोस, चालेल का? तू बोटीत आठ टन कमी भरले असतेस तर तळाचे दगड हलवले नसतेस? तसंच आहे हे. पहिल्या स्प्रिंगा काढून खिळ्याला टांगल्या. नव्या वळायला टाकल्या. बाईसाहेबांना सांग, डोंगर चढायला घोडा लागतो, उपास नाही. मोहरीच्या सूपला नाही म्हणायला लागली असेल तर मी येऊन भरवीन.

पण हे सगळं मागाहून. अरे, बर्फ धरला! अकरा वर्षांनी! नाताळापासून कालवे असे गोठले की मी पाना खाली ठेवला तो अजून उचलला नाही. सगळ्या फ्रीसलँडनंच ठेवला. अकरा शहरांची स्केटिंगची शर्यत झाली, दाजी, पारेगाच्या कालव्यावरून हजारो माणसं अंधारातून आली, भुवयांवर बर्फ, नाकातून रक्त, तरी हसताहेत. मी चार दिवस झाडू घेऊन बर्फावर होतो. पुलापाशी बर्फ पातळ होता, तिथं काठावरून चालायला आम्ही गावभरचे गालिचे अंथरले. आईचा जेवणघरातला सुद्धा. लोक स्केट घालून त्यावरून गेले, चिंध्या झाल्या, मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

आणि तुम्ही आला नाहीत. रागावलोय मी, साफ सांगतो. मागच्या दोन्ही शर्यतींना हिस्के झीलँडहून धावत आली होती. रात्रभर सूप ढवळलं होतं. आणि या खेपेस फोन नाही, चिठ्ठी नाही. शिंपलेवाल्याची बायको होऊन बर्फ विसरली का ती? मी पुलापाशी येणाऱ्या प्रत्येक माणसामागे बघत होतो, आता दिसेल, मग दिसेल.

वीबे


यर्सेके
२० जानेवारी

प्रिय वीबे,

तिनं टीव्हीवर सगळी शर्यत पाहिली. पहाटेपासून, पांघरूण घेऊन. पारेगा दाखवलं तेव्हा ओरडली, "तो बघ वीबे, झाडू उलटा धरलाय!" बर्फ विसरली नाही. तेवढं मनातून काढून टाक. सर्दी झाली होती, म्हणून आलो नाही.

वजन आता छप्पन्न आहे.

काम जरा लवकर झालं तर बरं होईल. रंग नसला तरी चालेल.

रिनुस


पारेगा
१६ फेब्रुवारी

दाजी,

आता मात्र हद्द झाली. त्रेसष्टच्या स्प्रिंगा परवा बसवल्या, पोतं बांधलं, निघणार तोच तुझं पत्र. छप्पन्न! पोतं परत सोडलं. पसापसानं वाळू काढून बादलीत टाकत बसलोय. माझी बहीण तू मुठीमुठीनं कमी करत चाललायस. आईची टोपी आता पोत्याच्या खांद्यावर येते.

आणि लवकर कर म्हणतोस, रंग नको म्हणतोस. हे बघ, तुला मी ओळखतो, तुला शिंपले भरून लिलावाला पळायची सवय आहे. माझ्याकडे ते चालत नाही. फुर्का जूनशिवाय उघडत नाही, मग मार्चमध्ये घेऊन काय अंगणात पूजा करणार? छप्पन्नच्या स्प्रिंगा वळायला टाकल्यात. यायला दीड महिना, सांधे बसायला महिना. मे उजाडेल. वाट बघ. आणि आता वजन बदललंस तर मीच तिथं येऊन तिला लोणी चारीन.

एक मात्र खरं सांग. भांडलात का तुम्ही? हिस्के भांडली की जेवत नाही, लहानपणापासूनची खोड आहे. भांडण असेल तर तू माफी माग. चूक कुणाची ते विचारू नकोस, तू माग.

वीबे


यर्सेके
१७ मार्च

वीबे,

हे पत्र बंदरावर बसून लिहितोय. घरी लिहिता येत नाही, ती बघते.

ऑगस्टमध्ये तिच्या पोटात गाठ सापडली. आता ती यकृतात आहे आणि पाठीच्या हाडात आहे. डॉक्टर पहिल्यापासून खरं बोलले. त्यांनी उन्हाळ्याचं नाव काढलं नाही. आम्हीच काढलं.

तुला सांगायचं नाही अशी तिनं शपथ घातली होती. म्हणाली, "आई गेली तेव्हा वीबेनं वर्षभर वर्कशॉपचं दार उघडलं नाही. माझं कळलं तर पाना टाकून इथं येईल, उशाशी बसून रडेल, आणि साइडकार राहील तशीच. तो चिडलेला असला की काम करतो. चिडू दे." तुझी पत्रं ती मोठ्यानं वाचायला लावायची. डाएट, लोणी, भांडण, सगळ्याला हसायची. तू चेष्टा करायचास तेवढा वेळ घरात आजार नसायचा. म्हणून मीही गप्प बसलो.

आज अठ्ठेचाळीस भरली. काट्यावर मी धरून उभी केली, म्हणजे माझ्या हातांनी पेलला तेवढा भार त्यात मिळवायला हवा.

स्प्रिंगा राहू देत. जे झालंय ते घेऊन ये. मी हात जोडतो.

रिनुस


यर्सेके
२० मार्च

वीबे,

रिनुस बंदरावरून डोळे लाल करून आला, तेव्हाच कळलं की यानं शपथ मोडली. म्हातारा धड खोटं बोलू शकत नाही आणि धड खरंही.

रडू नकोस. रडायला तुला पुढं वेळ आहे, मला नाही. नव्या स्प्रिंगांची वाट बघू नकोस. ज्या असतील त्या घाल. मी जितकी कमी पडेन तितकी वाळू टाक. पायाशी ठेव, मला ऊब लागेल.

घाट राहू दे. बांधावर गेलं तरी चालेल, तिथूनही खाली दिसतं. पण साइडकारमधून.

लाल चामडं लावलंस म्हणे. शेवटी लावलंस.

हिस्के


पारेगा
३ मे

दाजी,

दफनाहून येऊन दोन आठवडे झाले. वर्कशॉप उघडतो आणि बसतो. आक्के येते, कॉफी ठेवते, जाते. तिनं टोपीचं विचारलं नाही, देव तिचं भलं करो.

मला त्या शनिवारचं लिहायचंय, कारण दुसरं डोक्यात काही येत नाही. छप्पन्नच्या स्प्रिंगा आदल्याच दिवशी आल्या होत्या. रात्रीत बसवल्या, सांधे बसू दिले नाहीत, रंग दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कच्चं काम दारातून बाहेर काढलं. समुद्राच्या बांधावरून वाळूचं पोतं शेजारी घेऊन आलो. वाटभर त्याच्याशी बोलत होतो. गाडी सुरेख चालली, दाजी. सरळ, सुतासारखी. सहा महिने मी ज्याच्यासाठी झुरलो ते सगळं जुळलं होतं.

आणि तुझ्या अंगणात आपण दोघं धडधाकट बाप्ये तिला धरून उभे, आणि ती आत जाईना. वजन काही नव्हतंच. कोंबडी उचलावी तशी उचलली. पण काठावरून पाय न्यायचा तर कंबर वाकवावी लागते, आणि वाकवली की तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मलाही ऐकू आला. मलाही. वीतभर पत्र्याचा काठ. मी सहा महिने किलो मोजत बसलो आणि गाडी अडली ती वीतभर काठाला.

मी कटर आणतो म्हटलं. तुझ्या शेजाऱ्याकडून करवत आणली, पत्र्याला लावलीसुद्धा. तिनं हात हलवून नको म्हटलं. मग काहीतरी बोलली. मी हसून मान डोलावली.

तू मला ऑक्टोबरमध्ये एवढं एक लिहिलं असतंस. आजाराचं नव्हे, शपथ पाळायचीस तर पाळ. नुसतं 'दार हवं' एवढं. दोन दिवसांचं काम होतं रे. सांगाडा उघडा होता. का लिहिलं नाहीस?

वीबे


यर्सेके
१५ मे

वीबे,

का लिहिलं नाही, ते ऐक. तिला चढता येणार नाही हे मला ऑक्टोबरमध्येच दिसत होतं. जिन्यावरून मागे धरून नेत होतो. पण दार मागितलं की ती आजारी, असं तिच्या लेखी ठरत होतं. मग मी तिच्या बाजूनं खोटं लिहिलं. आणि वजनाचं खरं लिहीत राहिलो, कारण मी बोटवाला, वजन खोटं सांगायला हात धजत नाही. प्रत्येक खरं वजन लिहिलं की तू सगळं सोडून पुन्हा बांधायला घ्यायचास. मी एक्काहत्तरवरच थांबलो असतो तर नववर्षाला, बिनरंगाची का होईना, गाडी अंगणात असती. तेव्हा ती अजून स्वतः चालत होती. जिथं खरं बोलायला हवं होतं तिथं खोटं बोललो, आणि जिथं खोटं खपलं असतं तिथं खरं. दोन्हीकडून मीच तिला अडवलं. तू नाहीस. हे लिहून ठेवतो म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस.

करवत लावलीस तेव्हा ती काय बोलली, ते तुला ऐकू गेलं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. ती म्हणाली, "मीच दार नको म्हटलं होतं. याचं बिचाऱ्याचं काही चुकलं नाही, त्याला सांग." तू हसलास म्हणून तिला वाटलं, ऐकलंस. ती त्या समाधानात होती. म्हणून मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही.

तू गेल्यावर तिनं पलंग खिडकीशी ओढायला लावला. गाडी अंगणात दिसायची. पडदे रात्रीही उघडे. एकदा विचारलं, "फुर्का उघडला का?" मी म्हटलं, "अजून नाही, बर्फ आहे." ती म्हणाली, "मग ठीक." आठ दिवसांनी गेली.

रिनुस


यर्सेके
१६ जून

वीबे,

आज सकाळी रेडिओवर सांगितलं, फुर्का उघडला.

मी गाडी विकायला काढली होती. तुला कळवलं नाही, तू ओरडला असतास. काल बेल्जियमहून एक जोडपं आलं, माझ्याच वयाचं. त्यानं इंजिन ऐकलं, काच चोळली, खूश झाला. म्हणाला, अशी गाडी दहा वर्षं शोधतोय. मग विचारलं, साइडकार किती वजनाला बसवलीय? माझ्या तोंडून गेलं, "एक्काहत्तर." तो जाणता होता. वाकून स्प्रिंगा बघितल्या, काठावर हात ठेवून दाबून पाहिलं आणि म्हणाला, "नाही हो. हे तर कुणा शाळकरी पोरीसाठी बसवलंय." त्याची बायको हसली. चांगली गुबगुबीत बाई होती, लाल सीटकडे बघत होती.

मी म्हटलं, विकायची नाही. कॉफीसुद्धा दिली नाही. ते फाटकातून जाईपर्यंत उभा राहिलो आणि मग आत जाऊन कॅलेंडर काढलं.

तुझ्या त्या पहिल्या स्प्रिंगा खिळ्याला टांगल्या होत्यास. अजून आहेत का? असतील तर त्याच बसव. मला कुठं जायचं नाही. घाट बघायचा नाही, एकट्यानं बघून करू काय. पण कुणी येऊन हात लावला तर शाळकरी पोरीची म्हणायला नको. ती एक्काहत्तर किलोची बाई होती. गाडी तशी उभी राहू दे.

रिनुस


पारेगा
२१ जून

दाजी,

स्प्रिंगा खिळ्यालाच आहेत, तेल लावून. दफनाहून परतताना आणलेलं पोतंही आहे. काढलेली सगळी वाळू बादलीत राहिली होती, का कोण जाणे, मी फेकली नव्हती. परत भरीन, एक्काहत्तरचं पोतं होईल. एक मूठही बाहेरची लागणार नाही.

घेऊन ये. उजव्या वळणांना सांभाळून, साइडकार रिकामी आहे.

सांधे बसायला महिना लागेल. माझ्याकडेच राहा. त्यानं काही होणार नाही हे मलाही कळतं, पण घाई मी करणार नाही. आता कसली घाई.

वीबे